लांबच्या राइडला ओठ फुटू नयेत म्हणून तुम्ही काय करता?

घाटवळण

मागच्या रविवारी ३०० ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत संपवायची ३०० किलोमीटरची सायकल राइड, पूर्ण केली. पुण्याहून कराडच्या अलीकडे जाऊन परत. मुदत २० तासांची, मला लागले १८ तास २० मिनिटं. गुडघे, कंबर, तळहात, कशाचीच तक्रार नाही. छळलं ते ओठांनी.

सकाळी सहाला निघताना पुदिन्याच्या वासाची लिपबामची एक कांडी लावली होती, तेवढीच. दुपारी ऊन वाढलं, समोरून वारा, महामार्गाची धूळ. ओठ ओढल्यासारखे व्हायला लागले की जीभ फिरवायची, दोन मिनिटं बरं वाटायचं. परतीला साताऱ्याजवळ बटाटावडा घेतला. पहिल्या घासाला तोंड उघडलं आणि खालचा ओठ मधोमध उलला. चटणीचं तिखट थेट त्या चिरेत. पावावर रक्ताचा ठिपका दिसला आणि पुढचं काही खाववेना. केळ्याचे बारीक तुकडे आणि ताक, एवढ्यावर उरलेले शंभर-एक किलोमीटर काढले. खंबाटकीच्या बोगद्याकडे चढताना पाय अगदी रिकामे झाले होते.

म्हणजे प्रश्न ओठांचा असला तरी घाव बसतो तो खाण्यावर. पुढच्या महिन्यात ४०० आहे, २७ तासांची. रात्रभर थंडी, दिवसभर ऊन. जे लोक सायकल, ट्रेक, अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांबची धाव) असं तासन्‌तास उघड्यावर असतात, ते नक्की काय करतात? अनुभवाचं सांगा.

रानभूल

पाणी कमी पडलं. दुसरं काही नाही.

घाटवळण

@रानभूल, मलाही आधी तेच वाटलं. पण दिवसभरात सात लिटर तरी प्यायलो, त्यातलं निम्मं मीठ-साखर घालून. लघवी शेवटपर्यंत स्वच्छ होती. तरी ओठ फुटलेच.

कातळवाट

३०० बद्दल अभिनंदन! ओठांचं मात्र उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: "जीभ फिरवायची". सगळं तिथेच बिघडतं.

मी आधी असंच करायचे. सह्याद्रीतल्या दिवसभराच्या ट्रेकला फरक जाणवत नाही, पण हिमालयातल्या सार पासला गेले तेव्हा चांगलीच अद्दल घडली. १३,८०० फूट, चारी बाजूंनी बर्फ, नाक चोंदलेलं, म्हणून तोंडाने श्वास. ओठ कोरडे पडले की चाटायचे. तिसऱ्या दिवशी खालचा ओठ सुजून दुप्पट झाला, आणि सकाळी उठले तर वरचा आणि खालचा ओठ एकमेकांना चिकटलेले. कोमट पाण्याने भिजवून सोडवावे लागले. आमच्या गटातल्या एका मुलीच्या तर नाकपुड्यांच्या आतल्या कडा भाजल्या होत्या, कारण ऊन बर्फावरून उलटून खालून येतं. टोपीचा तिथे काही उपयोग नाही.

तेव्हापासून नियम केलाय: जीभ बाहेर यायला लागली की तो हात खिशात घालायचा इशारा समजायचा. चाटायच्या ऐवजी लावायचं. पहिल्या दिवशी शंभर वेळा आठवण करून द्यावी लागते स्वतःला, मग अंगवळणी पडतं.

त्वचाविचार

कातळवाट यांच्याशी पूर्ण सहमत. मी त्वचेची डॉक्टर आहे, शिवाय हाफ मॅरेथॉन पळते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ओठाचा लाल भाग आणि गालाची कातडी यांत खूप फरक आहे. गालावर तेलग्रंथी आणि घामग्रंथी असतात, त्यांचा एक पातळ थर कातडीला झाकून ठेवतो. ओठाच्या लाल भागाला हे दोन्ही जवळजवळ नाहीतच. वरचा मृत पेशींचा थरही अगदी पातळ. मेलॅनिन कमी, म्हणून उन्हापासून बचावही कमी. उरलेल्या चेहऱ्याला निसर्गाने जे दिलंय ते ओठाला आपण हाताने द्यायचं असतं.

आता लाळ. लाळेतलं पाणी उडून जाताना ओठातली ओलही सोबत नेते. शिवाय लाळेत पचनाची विकरं असतात. ती आधीच सोललेल्या पातळ कातडीवर बसून जळजळ वाढवतात. कोरडं पडलं म्हणून चाटलं, चाटलं म्हणून आणखी कोरडं पडलं, असं ते चक्र.

सायकलवर यात वाऱ्याची भर. हवा अगदी पडलेली असली तरी तुम्ही ताशी २५ किलोमीटरने जाता म्हणजे तेवढा वारा तोंडावर घेता, तोही तासन्‌तास. चढावर तोंड उघडं. घामाचं मीठ ओठावर सुकतं. लिंबाच्या चवीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये सायट्रिक आम्ल असतं, तेही झोंबतं. घाटवळण, तुम्ही सात लिटर प्यायलात हे चांगलंच, पण ओठ हे तहान मोजायचं यंत्र नव्हे. ओठ सुकतात म्हणून जास्त पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून भलताच धोका होतो.

पुदिन्याच्या कांडीबद्दल: मेन्थॉल आणि कापूर लावल्यावर गार वाटतं, म्हणून बरं वाटतं. फुटलेल्या ओठाला ते झोंबतात आणि पुन्हा जीभ फिरवायची इच्छा होते. साधं, बिनवासाचं, बिनचवीचं घ्या. चव गोड असेल तर चाटलंच जातं. आणि दिवसा एसपीएफ (उन्हापासून बचाव किती, तो आकडा) ३० किंवा जास्त असलेलं. खालचा ओठ थोडा वर वळलेला असतो, ऊन सगळं त्याच्यावर पडतं. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि मच्छीमारांच्या खालच्या ओठावर पांढरट, खरखरीत, न भरणारे चट्टे आम्ही पाहतो. त्यातले काही पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा ओठ दाखवून घ्या.

जुनीसडक

माझं वय ६७. आम्ही पुणे-गोवा केलं ते साध्या काळ्या सायकलवर, कॅरिअरला गादीची वळकटी बांधून. लिपबाम नावाची वस्तू माहीतही नव्हती. रात्री झोपताना घरचं तूप ओठाला आणि बेंबीत दोन थेंब तेल. ओठ कधी फुटले नाहीत. आजही नातवंडांना हेच करतो.

त्वचाविचार

जुनीसडक काका, तुपाला माझा जोरदार पाठिंबा. रात्री झोपताना तूप लावणं फार चांगलं. दिवसा मात्र ते लवकर पुसलं जातं आणि उन्हापासून वाचवत नाही. बेंबीचं म्हणाल तर जन्मानंतर ती वाट बंद झालेली असते. तिथून तेल ओठापर्यंत पोचत नाही. बेंबीची कातडी मऊ राहील, हा फायदा नक्की.

जुनीसडक

डॉक्टरबाई, मान्य. तूप चालू, बेंबीही चालू. सवय सुटायची नाही आता.

पंक्चरपाटील

काकांच्या बेंबीला आमचा पाठिंबा! (गंमत म्हणून घ्या काका.)

बाकी एक खरा प्रसंग. आमच्या क्लबातल्या मित्राने २०० ला निघताना घाईत बायकोच्या पर्समधला बाम उचलला. १३५ किलोमीटरवरच्या कंट्रोलला (वाटेतल्या नोंदणीच्या थांब्याला) सगळे त्याच्याकडे बघून हसतायत, त्याला कळेना. ब्रेव्हे कार्डावर (राइडच्या नोंदीच्या कार्डावर) शिक्का मारणारा स्वयंसेवक म्हणाला, "दादा, गुलाबी रंग छान दिसतोय." फिनिशच्या फोटोत तो मधोमध उभा आहे, ओठ डाळिंबासारखे. पण सांगायचं हे की त्या दिवशी आमच्या नऊ जणांत फक्त त्याचेच ओठ धड होते.

कातळवाट

@पंक्चरपाटील, हसले खूप. पण यात एक मुद्दा आहे. ट्रेकला मुलगे लिपबाम लावायला लाजतात. "हे मुलींचं" म्हणतात आणि चौथ्या दिवशी माझ्याकडे मागायला येतात. दुसऱ्याची कांडी वापरू नका हो! ओठावर तापाच्या पुळ्या उठतात त्या विषाणूने होतात, आणि एका कांडीवरून त्या पसरू शकतात. आपली आपण घ्यावी.

त्वचाविचार

बरोबर. ज्यांना त्या पुळ्या एकदा आल्यात त्यांना कडक उन्हाने पुन्हा उठतात, म्हणून त्यांनी तर एसपीएफवाला बाम विसरूच नये.

कुडाळकर

एवढे प्रतिसाद झाले आणि भिरंडेलाचं नाव कोणी काढलं नाही?

आमच्याकडे ओठ फुटले, टाचेला भेगा पडल्या, की फडताळातून भिरंडेलाचा गोळा बाहेर येतो. कोकमाच्या बियांचं तेल. काही लोक मुठेल म्हणतात. आई घरी काढते. आमसुलं करून झाली की उरलेल्या बिया धुऊन कडकडीत वाळवायच्या, वरचं टरफल काढायचं, आतला गर कुटून पाण्यात उकळत ठेवायचा. तेल वर तरंगतं. ते काढून गार झालं की घट्ट होतं, आणि मग हाताने अंड्याएवढे गोळे वळायचे. रंग फिकट पांढरा, वास जवळजवळ नाही. हातात धरला तर दगडासारखा टणक, पण ओठावर घासला की उबेने जेवढं हवं तेवढंच सुटतं.

मी गेली सहा वर्षं सायकल चालवतोय. सुपारीएवढा तुकडा छोट्या डबीत घेऊन निघतो. ओठ, नाकाच्या कडा, आणि मांड्या घासतात तिथेसुद्धा तेच (तुकडा वेगळा, हे सांगायलाच हवं).

मेणकापड

कुडाळकर, क्या बात है! मी साबण आणि मलमं घरी करते, त्यामुळे यामागचं गणित सांगते. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं. म्हणून थंडीत बाटलीत थिजतं आणि दुपारी ओठावरून हनुवटीवर ओघळतं. कोकमाचं तेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं, म्हणून ते टिकतं. मधमाशीचं मेण ६२-६४ ला. तिन्ही एकत्र केली की हवा तसा घट्टपणा मिळतो.

माझं प्रमाण: एक चमचा किसलेलं मेण, एक चमचा किसलेलं भिरंडेल, तीन चमचे खोबरेल. वाटी गरम पाण्यात ठेवून आधी मेण वितळवायचं, मग भिरंडेल, शेवटी खोबरेल, आणि छोट्या डब्यांत ओतायचं. उन्हाळ्यासाठी मेण अर्धा चमचा वाढवायचं. नुसतं भिरंडेल थंडीच्या रात्री इतकं कडक होतं की फुटलेल्या ओठावर घासताना दुखतं. मिश्रणात ती अडचण राहत नाही.

यात झिंक ऑक्साइडची पूड घालून घरी एसपीएफ करायला जाऊ नका. ते सारखं मिसळत नाही आणि किती बचाव झाला ते कळत नाही. दिवसा विकतचं एसपीएफवालं, रात्री हे.

रानभूल

नैसर्गिक म्हणून एवढं डोक्यावर घ्यायचं कारण नाही. साधी पेट्रोलियम जेली स्वस्त, सगळीकडे मिळते, ओल बाहेर जाऊ देत नाही. मी चार अल्ट्रा त्यावर पळलोय.

मेणकापड

रानभूल, जेली वाईट आहे असं मी कुठे म्हटलं? ओल अडवण्यात ती फारच चांगली. पण उन्हात पातळ होते, तिच्यावर धूळ बसते, आणि उन्हापासून ती वाचवत नाही. मातीच्या रस्त्यावर दोन तासांनी ओठावर वाळूचा कागद लावल्यासारखं होतं.

रानभूल

धुळीचं पटलं. मी पळतो ते डांबरी रस्त्यावर, त्यामुळे जाणवलं नसेल.

हिमधाव

लेहचा अनुभव लिहितो. खारदुंग ला चॅलेंज ही पळायची शर्यत, ७२ किलोमीटर, सप्टेंबर. पहाटे अंधारात खारदुंग गावातून सुरुवात, मग खिंड ओलांडायची, साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. हवेत ओल जवळजवळ नसते. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, त्यात ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरणं परत फेकतो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते गळपट्टीसारखं बफ. नाकापर्यंत ओढलं की आपलाच श्वास आत ओलसर राहतो. पण एक गंमत आहे. खिंडीच्या वर थंडीत बफ भिजून कडक झालं आणि त्याच्या कडेने ओठ घासला गेला. म्हणून बफखाली जाड थर लावलेला हवा, आणि दोन बफ हवेत. एक ओलं झालं की दुसरं.

तयारी आदल्या आठवड्यात सुरू करा, हे मात्र शंभर टक्के. लेहला सरावासाठी लवकर गेलो होतो, रोज रात्री जाड थर लावून झोपायचो. शर्यतीच्या दिवशी ओठ धड असतील तरच टिकतात. आधीच सालपटं निघालेल्या ओठाला वाटेत काहीही फासलं तरी उशीर झालेला असतो.

पंक्चरपाटील

बफ सायकलवर मला जमत नाही. चढावर गुदमरतं आणि चष्म्यावर वाफ धरते.

हिमधाव

चढावर खाली ओढायचं, उतारावर वर. वारा उतारावरच जास्त लागतो ना.

परिक्रमी

मी सायकलवाला नाही. नर्मदा परिक्रमा पायी केली, चातुर्मास संपल्यावर उचलली. नदीकाठची पहाट फार थंड आणि दुपार कोरडी, त्यामुळे महिन्याभरात ओठ आणि टाचा दोन्ही गेले. एका गावात रात्री मुक्कामाला होतो तिथल्या माईंनी माझं तोंड बघितलं, आत गेल्या आणि दुधावरची साय बशीत घालून आणली. म्हणाल्या, "महाराज, लगा के सो जाओ." सकाळी चिरा मिटलेल्या नव्हत्या, पण तोंड उघडता येत होतं, भाकरी खाता आली. पुढे जिथे साय मिळाली तिथे मागून घेतली. अजून थंडीत साय काढताना त्या बशीची आठवण येते.

मिनियापोलिसकर

वाचून गलबललो, परिक्रमी.

इकडे उणे २० मध्ये पळतो त्याची एक भर. पाणी असलेली पातळ क्रीम अशा थंडीत ओठाला लावत नाही. मेण किंवा तेलाचंच काहीतरी लावतो, आणि बाहेर पडण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. कांडी बाहेरच्या खिशात ठेवली तर दगड होते, म्हणून आतल्या खिशात, अंगालगत.

कातळवाट

आणि कृपा करून निघालेली सालपटं दाताने ओढू नका! मी स्वतः दोनदा रक्त काढलंय.

त्वचाविचार

आणखी दोन गोष्टी राहिल्या. ओठाच्या मधोमध चीर आणि तोंडाच्या कोपऱ्यात चीर हे वेगळे प्रकार. कोपऱ्यातल्या चिरांमागे लोह किंवा बी जीवनसत्त्वांची कमतरता, बुरशी असं काही असू शकतं, तिथे नुसता बाम पुरत नाही. आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडणं जवळपास ठरलेलंच. अशा कोणी मोठी राइड ठरवली असेल तर आपल्या डॉक्टरांशी आधी बोला.

डबेवाली

खाण्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण मूळ अडचण तीच होती. नवऱ्याच्या ६०० ला मी डबे करते. ओठ फुटले तरी खाता येईल असं निम्मं सामान ठेवायचं. मऊ गुरगुट्या दहीभात, कमी मीठ, मिरची नाही. गुळाचा सांजा, छोट्या वड्या पाडून, एका घासात तोंडात जाईल अशा. उकडलेलं रताळं. खारे शेंगदाणे, चिवडा, लिंबू पिळलेलं काहीही नाही. चिक्कीची टोकं ओठाला टोचतात, ती पिशवीतच बारीक फोडून द्यायची. जेल खाल्लं की वर पाण्याची एक चूळ, नाहीतर ते चिकट ओठावर सुकतं आणि जीभ तिकडे जातेच.

घाटवळण

डबेवाली, हे वाचून पहिल्यांदा वाटलं की ४०० होईल. सगळ्यांना धन्यवाद. कुडाळकर, भिरंडेल पुण्यात मिळालं, कोकणी मेव्याच्या दुकानात. कालपासून रात्री लावतोय. राइडनंतर कळवतो.

घाटवळण (२५ दिवसांनंतर)

४०० झाली. पेठनाक्याच्या पुढून परत, २५ तास ४० मिनिटं. आणि ओठ धड!

काय केलं ते लिहितो. तीन आठवडे रोज रात्री मेणकापड यांचं मिश्रण. राइडच्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बिनवासाचा एसपीएफ ५० चा बाम, त्यानंतर पुन्हा मिश्रण. कधी लावायचं हे लक्षात राहत नव्हतं, म्हणून कंट्रोलशी जोडलं: कार्डावर शिक्का, बाटलीत पाणी, ओठाला बाम, मगच खाणं, आणि खाणं झाल्यावर बाम पुन्हा एकदा. कंट्रोल लांब असेल तर घड्याळात दर दीड तासाला गजर. कांडीच घेतली, कारण चेन बसवताना बोटं काळी झाली होती आणि डबीत बोट घालता आलं नसतं. हँडलच्या पिशवीत ठेवली, पाठीच्या खिशात ठेवलेली मागच्या सरावाला पार मऊ पडली होती. कराडनंतर धुळीचा पट्टा लागला तेव्हा बफ.

चुकलं एकच. रात्री दोनच्या सुमाराला झोप यायला लागली तेव्हा नकळत जीभ फिरत होती. पहाटे साताऱ्याला पोचलो तोवर खालचा ओठ थोडा ओढला होता. तिथे दहीभाताचा डबा उघडला. जपून पहिला घास घेतला, काही झालं नाही. मग उरलेला डबा पाच मिनिटांत संपवला आणि वर एक बटाटावडासुद्धा खाल्ला, चटणीसकट.

जुनीसडक

शाब्बास रे! आता ६०० कधी?

डबेवाली

दहीभातात मीठ किती घातलं होतं?

घाटवळण

ताई, चिमूटभरच. काका, ६०० जानेवारीत. भिरंडेलाचा गोळा मात्र संपत आलाय.

कुडाळकर

पत्ता व्यनिने (खासगी निरोपाने) कळवा. आईने या वर्षीचे गोळे नुकतेच वळलेत, दोन तुमच्यासाठी बाजूला ठेवायला सांगतो.